धुळाबाची खूण

हळद कागदावरून पुसून निघत नाही. पावाच्या तुकड्यानं घासलं तर ती पसरते, ओल्या कापसानं टिपलं तर आत शिरते. उन्हात ठेवलं तर डाग उडतो खरा, पण तोवर कागदच भाजून तांबूस झालेला असतो. हे ज्ञान मला सांगलीत आक्कामावशीच्या घरी पहिल्याच महिन्यात मिळालं, कला विद्यालयात काही शिकायच्या आधी. मावशीचं घर हळदीच्या पेठेला लागून होतं. पलीकडच्या वखारीत सकाळपासून बायका हळकुंडं चाळायला बसत. चाळण्यांचा तो खरखराट, हमालांच्या हाका, पोती आपटल्याचा धप्प आवाज, आणि या सगळ्यातून उठणारी पिवळी धूळ. ती खिडकीच्या गजांवर बसे, दुधाच्या झाकणीवर बसे, तात्यांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, धोतराला तर कायमची लागलेली होती, कारण ते पेठेतच एका अडत्याकडे कारकून होते. आणि ती माझ्या पांढऱ्याशुभ्र ड्रॉइंगच्या कागदावर बसे. मी रडकुंडीला आले की मावशी चुलीपुढून म्हणायची, "अगं सुमे, शुभच आहे की. तुझ्या आधी तुझ्या चित्राला हळद लागली."

निहार, मागच्या महिन्यात तू तुझ्या नव्या धंद्याचं बोधचिन्ह पाठवलंस आणि विचारलंस, "आजी, तू आयुष्यभर हेच केलंस ना? खरं सांग, कसं आहे?" मी 'सुबक आहे' असं कळवलं. ते खरंच होतं. पण एक प्रश्न विचारायचा राहिला. फोनवर विचारला असता तर तो उगाच बोचला असता, आणि मी तो का विचारते हे तुला कळलं नसतं. म्हणून हे प्रकरण क्रमानं लिहून काढते. ईरा, तूही वाच. तुला निदान यातली मेंढरं आवडतील.

माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, सैन्यात सुभेदार होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आम्ही छावण्यांच्या गावांतून फिरलो आणि मी इंग्रजी शाळांतून शिकले. ते निवृत्त होऊन उंब्रजच्या पलीकडच्या आमच्या गावी ऊस लावायला परतले, तेव्हा मला इंग्रजीत चार पानी निबंध लिहिता येत होता, पण खुरपं कोणतं आणि विळा कोणता ते सांगता येत नव्हतं. शिस्त मात्र घरात भरपूर होती. वडील मला पत्रंसुद्धा इंग्रजीत आणि आकडे घालून लिहीत. मी चित्रं चांगली काढते असं शाळेनं कळवलं होतं, म्हणून त्यांनी मला मावशीकडे ठेवून कमर्शियल आर्ट शिकायला दोन वर्षं दिली. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या पत्रात तीन मुद्दे होते. एक, फलटणकडून एक स्थळ आलं आहे. दोन, मुलगा इंजिनिअर आहे. तीन, या शिक्षणावर तुला नोकरी मिळाली तर मी त्यांना नाही म्हणेन. नाही मिळाली तर उन्हाळ्यात लग्न. पत्र कठोर नव्हतं. त्यांनी मला एक वाट उघडी ठेवली होती, जी माझ्या कुठल्याही मैत्रिणीला कुणी ठेवली नव्हती. मी ते पत्र ड्रॉइंग बोर्डाच्या पाठीला चिकटवलं, रोज दिसावं म्हणून.

आमचे बोधचिन्हाचे शिक्षक हुक्केरी सर. सीमेकडचे होते. रागावले की कानडीत जात आणि मराठीत परत येईपर्यंत राग उतरलेला असे. त्यांची परीक्षा घ्यायची एकच रीत होती. ते कागद व्हरांड्याच्या एका टोकाला खिळ्याला अडकवत, चालत दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या रांजणापर्यंत जात, तिथे पोचल्यावर चष्मा काढून खिशात ठेवत, आणि मग वळून बघत. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस बाई की बाप्या तेही कळत नसे. त्या अवस्थेत चिन्ह ओळखू आलं तर पास. माझं पहिलं चिन्ह एका पिठाच्या गिरणीसाठी होतं. त्यात मी जातं घातलं होतं, गव्हाची लोंबी, उगवता सूर्य, बांगड्या घातलेला हात आणि खाली कृष्णेच्या तीन लाटा. दोन रात्री खपून रूलिंग पेननं एकेक रेघ ओढली होती. सर रांजणापाशी बराच वेळ उभे राहिले.

"अय्यो," ते म्हणाले. "कुणी तरी कागदावर चहा सांडलाय का गं?"

वर्गात हशा पिकला. जमदाडे नावाचा एक मुलगा होता, पाट्या रंगवणाऱ्याचा. त्याचा हात आमच्या सगळ्यांत चांगला होता आणि जीभही. तो म्हणाला, "सुमनबाई, यात गिरणीचा पत्ता तेवढा राह्यलाय बघा. तोबी घाला."

सर जवळ आले. चष्मा चढवून त्यांनी कागद नीट पाहिला आणि मऊ आवाजात म्हणाले, "हे ताट वाढलंयस. मला घास पाहिजे." मग त्यांनी ट्रेसिंग पेपरचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला आणि सांगितलं की हेच चिन्ह पुन्हा काढ, पण दर वेळी एक गोष्ट कमी करून, आणि जेव्हा आणखी एक जरी रेघ कमी केली तर गिरणी मरेल असं वाटेल, तेव्हा थांब. मला ते थांबणं सापडायला पावसाळा गेला. सूर्य जायला एक दिवस लागला, पण बांगड्यांचा हात काढून टाकताना मला खरंच वाईट वाटलं होतं. शेवटी उरली दोन वर्तुळं आणि एक खुंटा. जातं. मी ते बटणाएवढं काढून पाहिलं, दाराएवढं काढून पाहिलं, कोळशानं पोत्यावर काढून पाहिलं. रेघेपेक्षा रेघांमधली मोकळी जागा जास्त बोलते, हे माझ्या डोळ्यांना त्या महिन्यांत कळलं.

पोत्यावर काढायची युक्ती मला पेठेत मिळाली. सरांनी सांगितलं होतं, की तुझ्या दाराशी सगळ्यात मोठं ग्रंथालय आहे, तिथे जात जा. म्हणून तात्यांबरोबर जाऊन मी पोत्यांवरचे मार्के उतरवून आणू लागले. प्रत्येक व्यापाऱ्याचा मार्का वेगळा, पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगात उठवलेला. खाली नावही असे. मी एका हमालाला विचारलं, "तुम्ही नाव बघता की मार्का?" तो पाठीवर पोतं घेऊनच थांबला आणि म्हणाला, "बाई, मुंडीवर क्विंटलभर वजन हाय. वाचत बसू का काय?" तात्या हसले आणि दिवसभर ते वाक्य सांगत राहिले. रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि तेच वाक्य. दर शनिवारी ते पुडा भरून भडंग आणायचे. आम्ही तिघं ते कच्च्या कांद्याबरोबर ओसरीवर बसून खात असू, आणि मी हातातल्या पुड्याच्या कागदावरसुद्धा शेंगदाण्याचं चिन्ह काढत बसे. मावशी म्हणायची, "हिला नवऱ्याऐवजी एक शिक्का बघा."

दसऱ्याच्या सुमारास सरांनी वर्गाला खरं काम आणलं. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात मेंढपाळांची एक सोसायटी निघाली होती. लोकर एकत्र करायची, मेंढरांना औषध द्यायचं, असं तिचं काम. त्यांना चिन्ह हवं होतं. ते लोकरीच्या गठ्ठ्यांवर छापलं जाणार होतं. सांगलीतल्या एका छापखान्याचे मालक त्या कामात होते आणि त्यांनी सरांना शब्द दिला होता, की ज्या विद्यार्थ्याचं चिन्ह निवडलं जाईल त्याला जूनपासून छापखान्यात घेऊ. मी घरी येऊन ड्रॉइंग बोर्ड उलटा केला आणि वडिलांच्या पत्रातला तिसरा मुद्दा पुन्हा वाचला. मग मी मेंढरं काढली. मेंढीचं डोकं काढलं, मेंढीची शिंगं काढली, लोकरीचा गुंडा, काठी, घोंगडी. चार महिन्यांची शिकवणी अंगात मुरलेली होती, त्यामुळे सगळी चिन्हं स्वच्छ होती, आणि सगळी मेलेली होती. सर रांजणापाशी जाऊन दर वेळी म्हणत, "ओळखू येतंय. पण कुणाचं आहे ते येत नाही."

दिवाळीला मी गावी गेले. आमच्या शेतात दरवर्षी त्या दिवसांत धुळाबाचा कळप बसायला असे. तुम्हाला सांगायला हवं: पाऊस सरला की पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या नदीकाठच्या मुलखात उतरत. रिकाम्या रानात मेंढरं रात्री बसवली की लेंडीखत होई. त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देई. धुळाबा माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे येई. उंच, वाळका, खांद्यावर घोंगडी, आणि आवाज इतका बारीक की मेंढरांना तो कसा ऐकू जातो याचं मला नवल वाटे. त्याची बायको सखुबाई माझ्या आईला वैनी म्हणे. आई तिला दिवाळीचं फराळाचं ताट नेऊन देई आणि ती ते रिकामं परत न करता त्यात हमखास काही तरी घालून देई. त्या वर्षी ताटभर खरवस होता, मेंढीच्या दुधाचा, दाट आणि किंचित उग्र.

ताट परत आणायला मी रानात गेले तेव्हा धुळाबा कोकरांवर खूण करत होता. गेरूत एरंडेल कालवलेलं एक मडकं, आणि चिंधी गुंडाळलेली काडी. कोकराला दोन गुडघ्यांत धरून तो पाठीवर एक उभी रेघ ओढी आणि तिच्या माथ्यावर एक आडवी कोर, वर उघडी. बस्स. दोन हालचाली. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. दसऱ्यापासून मी जे शोधत होते ते एका कोकराच्या पाठीवर ओलं चमकत होतं.

"असंच का काढता, धुळाबा?" मी विचारलं.

"आसंच म्हंजी?"

"म्हणजे गोल का नाही? फुली का नाही?"

तो हसला. "गोल लोकर वाढली की भरून येतुया. फुली समद्यांचीच आस्ती. ह्ये बघ पोरी, पान्यावर धा कळप येत्यात. मेंढरं येकात येक मिसळत्यात. तवा हितनं त्या बांधावरनं वळकाय पायजे, ह्ये माजं आन् ह्ये दुसऱ्याचं. भिजलं तरी वळकाय पायजे, धुळीत लोळलं तरी. न्हाईतर भांडनं."

"तुम्हीच शोधून काढली ही?"

"न्हाई गं. बाची हाय. त्याच्या बाची." त्यानं कोकरू सोडलं, ते आईकडे पळालं. "भाऊ येगळं झालं की थोरल्याकडं खूण ऱ्हाती. धाकल्यानं खाली येक रेघ वाढवायची. माज्या भावाच्या मेंढरास्नी बघ, खाली येक आडवी रेघ दिसंल. म्या थोरला."

हे त्यानं अभिमानानं सांगितलं नव्हतं. एखाद्यानं आपलं आडनाव सांगावं तसं सांगितलं. मी ते नीट ऐकलं होतं, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण नंतर मी स्वतःला सांगत राहिले की मला नीट कळलं नव्हतं.

सांगलीला परतल्यावर मी कंपास घेऊन ती कोर आखली. रेघेची जाडी कोरीच्या जाडीएवढी केली, कोरीची टोकं जराशी निमुळती केली. एवढंच माझं काम. विद्यालयाच्या ग्रंथालयात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, लोककलेतल्या आकृत्यांचं, आणि त्यातल्या कुठल्याच आकृतीखाली कुणाचं नाव नव्हतं. त्या पुस्तकानं मला मोठा आधार दिला. लोकांचं ते कुणाचंच नसतं, असं मी मनाशी म्हटलं. छावणीत वाढलेल्या, इंग्रजी पुस्तकांवर विश्वास ठेवणाऱ्या मुलीलाच असं वाटू शकतं. आमच्या गावातल्या कुठल्याही अडाणी बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की रानातल्या मेंढीच्या पाठीवरची खूण कुणाची तरी असते, म्हणून तर ती काढतात.

सरांनी कागद खिळ्याला अडकवला, रांजणापाशी गेले, चष्मा काढला. या वेळी ते वळले आणि त्यांनी लगेच चष्मा चढवला. सर परत आले ते हळू.

"कुठून आलं हे?" त्यांनी विचारलं.

"सुचलं, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद काढून जपून गुंडाळला. चिन्ह निवडलं गेलं, छापखान्याच्या मालकांनी निरोप पाठवला, वडिलांचं पत्र आलं. त्यात एकच मुद्दा होता: फलटणकरांना कळवलं आहे. मावशीनं पुरण घातलं. मी दोनच पोळ्या खाल्ल्या, हे तिच्या लक्षात आलं. तिला वाटलं, फलटणचं स्थळ गेल्याचं दुःख झालं. तो इंजिनिअर मी कधी पाहिलासुद्धा नाही. तुमचे आजोबा पुष्कळ नंतरचे.

उन्हाळा संपत आला, कळप पूर्वेकडे परतू लागले. आमची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. सोसायटीनं औषधाचा पहिला कार्यक्रम ठेवला आणि चिन्हाची मुलगी म्हणून मला बोलावलं. हुक्केरी सर आणि मी एसटीनं गेलो. बाभळीखाली मांडव होता, त्यावर कापडी फलक, आणि फलकावर उभी रेघ, आडवी कोर. चेअरमननी मला नारळ दिला, पातळ दिलं, टाळ्या वाजल्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. चिन्ह सगळ्यांना इतकं पसंत पडलं होतं, की ते आता फक्त गठ्ठ्यांवर राहणार नव्हतं. औषध पाजलेल्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर ते उठवायचं ठरलं होतं. पत्र्याचे साचे कापून तयार होते. रंग लाल होता.

मेंढरं एका बाजूनं आत येत, औषध घेत, आणि दुसऱ्या बाजूनं पाठीवर लाल चिन्ह घेऊन बाहेर पडत. एक कळप झाला, दुसरा झाला. बाहेरचं सगळं रान हळूहळू एकाच खुणेचं होत गेलं. तेव्हाच मला रांगेत धुळाबा दिसला. त्याच्या शेजारच्या एकानं हसत हाळी दिली, "आरं बघा रं! समदी मेंढरं धुळाबाची झाली! म्हातारा राजा झाला गड्या!"

लोक हसले. दुसरा म्हणाला, "काय धुळाबा, बाची खूण इकलीस व्हय? सांगायचंस तरी, आमी घेतली आस्ती."

धुळाबा हसला नाही. तो फलकाकडे बघत होता, मग त्यानं मांडवाकडे पाहिलं, आणि नारळ घेऊन उभी असलेली मी त्याला दिसले. त्याला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. मी खाली बघितलं. आता तो बोलेल, असं मला वाटलं. माझी नोकरी, माझं नाव, वडिलांसमोर ताठ उभं राहायचा माझा हक्क, सगळं त्या बारीक आवाजाच्या तोंडी होतं. पण त्यानं चेअरमनना एवढंच विचारलं, "आवं, पान्यावर माजी मेंढरं म्या वळकू कशी?"

चेअरमन गांगरले. कुणी तरी त्यांच्या कानात सांगितलं की म्हाताऱ्याची खूण योगायोगानं अशीच आहे. "मग आता हो?" ते म्हणाले. "साचे झाले, निम्मी मेंढरं झाली…"

"ऱ्हाऊ द्या," धुळाबा म्हणाला. "म्या धाकला."

त्यानं घोंगडीतून आपलं मडकं काढलं, आपल्या पहिल्या मेंढीला जवळ ओढलं, आणि तिच्या पाठीवरच्या खुणेखाली बोटानं एक आडवी रेघ ओढली. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. त्या मांडवात त्या रेघेचा अर्थ ठाऊक असलेले पुष्कळ होते, कारण हसणं एकदम थांबलं. त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ पलीकडे उभा होता. आता दोघांची खूण एक झाली, हे त्याच्या ध्यानात आलं असणार. तो पुढे आला आणि त्यानं आपल्या मेंढरांना दुसरी रेघ वाढवायला सुरुवात केली.

मी सरांकडे वळले. "सर, मला सुचलं नव्हतं," मी म्हणाले. "ती यांची आहे. मला माहीत होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "मला त्या दिवशीच वाटलं होतं. विचारलं, तू सुचलं म्हणालीस. मीही गप्प बसलो. जा, त्यांना सांग."

मी गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. माझा आवाज माझ्या छावणीतल्या शाळेतल्यासारखा, पाठ केल्यासारखा येत होता. चेअरमन चांगले गृहस्थ होते, ते म्हणाले, "अहो ताई, म्हणजे आपल्याच माणसाची खूण निघाली, उत्तमच झालं की." आणि चिन्ह बदललं नाही. साचे झाले होते. सोसायटी बंद पडेपर्यंत ते तसंच राहिलं. मी धुळाबापुढे जाऊन उभी राहिले तेव्हा त्यानं मान वर केली नाही. तो पुढच्या मेंढीची रेघ ओढत होता. एवढंच म्हणाला, "इचारलं आस्तंस तर दिली आस्ती, पोरी. पर मग मला म्हायती तरी आस्तं."

येताना एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले. सांगली जवळ आली तेव्हा म्हणाले की ते माझं ते काम परीक्षेत धरणार नाहीत, आणि ते मला कबूल आहे हे त्यांना ठाऊक आहे. मी नापास झाले. छापखान्यातली जागा जमदाडेला मिळाली. त्याचं चिन्ह दुसरं आलं होतं. तो मावशीच्या घरी पेढे घेऊन आला, दारातच उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही. मी वडिलांना सगळं इंग्रजीत, आकडे घालून कळवलं. आठ दिवस उत्तर आलं नाही. मग आलं. एक, तू खोटं बोललीस. दोन, ते उशिरा मागे घेतलंस, पण घेतलंस. तीन, जूनमध्ये सांगलीला परत जा आणि वर्ष पुन्हा कर. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. त्याच्या कडेला हळदीचा डाग आहे.

ते वर्ष मी पुन्हा केलं. आधीपेक्षा चांगलं केलं, आणि पुढे त्याच हातावर जगले. पण चिन्ह पूर्ण झालं की मी ते खिळ्याला अडकवण्याआधी घेऊन हिंडायची. पेठेत, बाजारात, स्टँडवर, आणि दिसेल त्याला विचारायची: ही खूण कुणाची आहे का? लोक हसत. दोनदा उत्तर 'हो' असं आलं, आणि दोन्ही वेळा मी कागद फाडला. निहार, तुला विचारायचा राहिलेला प्रश्न हाच.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी गावी गेले तेव्हा आई सारखी रस्त्याकडे बघत होती. धुळाबा या वर्षी आपल्या रानात उतरणार नाही, असं सगळ्यांनीच धरलं होतं. वडिलांनी मात्र रान रिकामं ठेवलं होतं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी कुत्र्यांचा आवाज आला, मग घंटांचा. फराळाचं ताट या वेळी आईऐवजी मीच उचललं.

सखुबाईनं ताट घेतलं. धुळाबा कोकरांना खुणा करत होता. मी काही अंतरावर उभी राहिले. माफीची वाक्यं मनात तयार करून आणली होती. त्यानं एक कोकरू सोडलं, दुसरं गुडघ्यांत धरलं, मग माझ्याकडे बघून मडकं पुढे सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "काड."

मी बसले. काडी बुडवली. कोकराची पाठ गरम होती आणि धडधडत होती. मी उभी रेघ ओढली, माथ्यावर कोर ओढली, आणि थांबले.

"फुडं?" तो म्हणाला. "रेग कोन काडंल?"

मी खालची रेघ ओढली. सरळ आली. माझी सरळ रेघ नेहमीच चांगली येई. धुळाबा उठला, चालत बांधापर्यंत गेला, वर चढला आणि डोळे बारीक करून माझ्या हातातल्या कोकराकडे बघत राहिला. वाऱ्यावर त्याचा तो बारीक आवाज आला.

"वळकतंय. सोड."

मी हात काढले.